आपाचं कपाट

मशीनच्या खोलीत शिरण्याआधी नसीमआपा दारावर दोनदा टकटक करायच्या. आत कुणीच नसायचं. गार हवा आणि दोन सर्व्हरांची घरघर, एवढंच. तरी टकटक. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आलं. त्या म्हणाल्या, "हसू नको रे गोकुळ. टकटक केली की मला आठवतं, मी इथं पाहुणी आहे. पाहुण्यानं भांडीकुंडी इकडची तिकडे करायची नसतात."

आणि मग आत जाऊन त्या नेमकं तेच करायच्या. इकडची भांडी तिकडे. पण अशी, की घरधन्याला कळूही नये आणि कधी मागितलीच तर जागच्या जागी सापडावीत.

मी सध्या कोइमतूरला आहे. एका मोठ्या दवाखान्याच्या कॉम्प्युटर विभागात. तमिळ कामापुरतं येतं, इंग्रजी घाबरत घाबरत. शाळा नववीत सुटली, इंग्रजीत दोनदा नापास झालो म्हणून. आज जे पोटाला मिळतं ते आपांनी शिकवलेल्या कामावर. पुढच्या रविवारी इथं सगळी सिस्टिम नवी होणार आहे आणि काय काय तपासायचं याची यादी करणं माझ्याकडे आहे. चार दिवस झोप धड नाही. यादी करायला बसलो की आपा समोर येतात. म्हणून म्हटलं, आधी त्यांच्याबद्दल लिहून काढावं. उपकार मानायचे तर आहेतच, पण नुसते उपकार मानून भागणार नाही. मला त्यांचा हेवा वाटायचा. इतका की दुपारच्या डब्यात त्यांनी अर्धी कळण्याची भाकर माझ्याकडे सरकवली, तरी मनात यायचं, भाकरीसुद्धा यांना माझ्या आईपेक्षा चांगली जमते.

जळगावला एक रक्ततपासणीची लॅब होती. मुख्य केंद्र तिथं, दुसरं धुळ्याला, आणि चोपडा, यावल, बोदवड इथं नमुने गोळा करायच्या खोल्या. मी चोपड्याचा. सत्ताविसाव्या वर्षी, घरात बायको आणि एक मुलगी असताना, मोटरसायकलवर बर्फाची पेटी बांधून चोपड्याहून रक्ताच्या बाटल्या आणायचो. पेटी उतरवली की परत निघेपर्यंत तासभर मोकळा. तो तास मी आपांच्या खोलीच्या काचेला नाक लावून काढायचो. एकदा बारकोड छापणारं यंत्र अडकलं, पडद्यावर इंग्रजी ओळ आली. आपा जेवायला गेलेल्या. मी ती ओळ अक्षर अक्षर लावून वाचली, कागदाचं रीळ उलटं बसलंय हे ओळखलं आणि सरळ केलं. आपा आल्या. कुणी केलं विचारलं. मग मला म्हणाल्या, "उद्यापासून पेटी ठेवली की बाहेर उभा राहू नको. आत ये." आणि दाराकडे बोट दाखवून, "पण टकटक करून."

आपा धुळ्याच्या. वडील शिंपी, भाऊही शिंपी. बारावी आणि टायपिंग एवढ्या भांडवलावर त्या नोकरीला लागल्या, तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. उंचीनं बुटक्या. ऐन मे महिन्यात अंगात मरून स्वेटर, कारण खोलीत एसी. चष्मा बुटाच्या काळ्या नाडीला बांधून गळ्यात. पेनानं कधी लिहायच्या नाहीत. पेन्सिल. "पेनानं लिहिलेलं खोडताना माणूस भांडतो," असं त्यांचं म्हणणं. डॉक्टरसाहेबांशी, म्हणजे लॅबच्या मालकांशी, शुद्ध मराठी. लॅबला सिस्टिम पुरवणाऱ्या कंपनीच्या लोकांशी हिंदी. आणि माझ्याशी एकट्यात अहिराणी. "काय रे, जेवना का?" त्यांच्या तोंडून हे ऐकलं की घरी आल्यासारखं वाटायचं. त्याचाही हेवा. माझीच भाषा, आणि तिच्यातला गोडवा त्यांना माझ्यापेक्षा जास्त.

त्यांचं काम काय होतं, ते साध्या शब्दांत सांगतो. मशीनला आपण छोट्या छोट्या आज्ञा देतो. हे छाप, हे पुस, हे तिकडे पाठव. त्यांना कमांड म्हणतात. त्या कंपनीकडून तयार येतात, सगळ्या जगाला एकसारख्या. पण जळगावची लॅब म्हणजे सगळं जग नव्हे. आपांनी त्यातल्या बऱ्याच कमांडी इथल्या मापाच्या करून घेतल्या होत्या.

छापायच्या कमांडीचंच घ्या. आमच्याकडे एका दिवसात चार सुनीता पाटील यायच्या. एकदा दोघींच्या नवऱ्यांची नावंही एकच निघाली. एक यावलची, एक चोपड्याची. यावलच्या बाईला चोपड्याच्या बाईची साखर मिळाली, आणि ती बिचारी आठ दिवस गोड सोडून रडत बसली. त्यानंतर आपांनी छपाई अशी बदलली, की त्या दिवशी तेच नाव आधी येऊन गेलं असेल तर रिपोर्ट छापलाच जायचा नाही. पडद्यावर मराठीत विचारणा यायची, "गाव कोणतं? वय किती?" दोन्ही भरलं की मगच कागद बाहेर.

पुसायच्या कमांडीचंही तसंच. वैशाली म्हणून नवी मुलगी होती काउंटरला. तिनं एकदा यावलचे सगळ्या दिवसाचे रिपोर्ट एका फटक्यात पुसले. रडत रडत आत आली.

"आपा, मी सगळं घालवलं."

"कुठे घालवलंस?"

"पुसलं हो!"

"इथं कुणाला काही पुसता येत नाही बेटा. मी ती सोयच ठेवलेली नाही. तोंड धू, आणि तोवर चहा सांग."

पुसलेली प्रत्येक गोष्ट गुपचूप एका बाजूच्या जागी जमा व्हायची. महिन्याभरानं आपा स्वतः ती पाहून रिकामी करायच्या. चहा यायच्या आत यावलचे रिपोर्ट जागेवर. वैशालीनं त्यांच्या गळ्यात हात टाकले. मी दारात उभा. तेव्हा मला कमांडीची स्पेलिंगं कागदावर पाहून टाईप करावी लागत, तरी मनात पहिला विचार आला तो हाच, की हे मला का नाही सुचलं?

आता खरी मेख. कंपनी दर थोड्या दिवसांनी सुधारणा पाठवते, पॅच म्हणतात. आणि काही वर्षांनी अख्खी सिस्टिमच नवी. ती आली की कंपनीची कमांड तुमच्या बदललेल्या कमांडीवर येऊन बसते. काही वाजत नाही, सूचना येत नाही. सगळं नीट चाललंय असंच दिसतं. तुमचं काम तेवढं गेलेलं असतं. म्हणून आपांचा नियम, कंपनीच्या कमांडीला हात लावायचा नाही. आपली वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायची आणि मशीनला सांगायचं, आधी इथं बघ, मग तिकडे. त्या फोल्डरला त्यांनी स्वतःचंच नाव दिलं होतं. सगळे म्हणायचे, 'आपाचं कपाट'. कपाटातल्या प्रत्येक वस्तूची नोंद एका लांबट वहीत. काय बदललं, का बदललं, कुणी सांगितलं, मूळ कुठे आहे.

कंपनीचा पुण्याचा एक इंजिनिअर आला होता. कपाट पाहून म्हणाला, "मॅडम, हे सगळं काढून टाका. स्टँडर्ड ठेवा. अपग्रेडला त्रास होतो."

आपा म्हणाल्या, "साहेब, तुमच्या अंगातला शर्ट रेडिमेड आहे ना?"

"हो."

"बाह्या लांब पडल्या म्हणून दुमडल्यात. आमच्या दुकानात या, भाऊ पाच मिनिटांत करून देईल. मूळ कापडाला कात्री न लावता."

सगळी लॅब हसली, इंजिनिअरही हसला. असं बोलणं मला आजतागायत जमलेलं नाही. जमायला हवं तेव्हा माझी जीभ टाळूला चिकटते आणि उत्तर सुचतं ते बसमध्ये.

पॅचच्या दिवशी आपांचं काम पाहण्यासारखं असायचं. रविवारी, दुपारी काउंटर बंद झाल्यावर. आधी कपाटातलं सगळं काढून बाजूला. मशीन अगदी कंपनीतून आल्यासारखी कोरी. मग पॅच. आणि पॅच झाल्यावर आपलं लगेच परत ठेवायचं नाही. "नवी सून आली की आधी तिचं पाहावं, मग आपले रिवाज सांगावेत." कंपनीनं कमांडीत नवं काय घातलंय ते आधी वाचायच्या, पेन्सिलीनं वहीत उतरवायच्या, त्या मापानं आपली पुन्हा बेतायच्या आणि मग ठेवायच्या. एकदा कंपनीनं पानाचं माप मोजायची रीत बदलली होती. आपली जुनी कमांड तशीच ठेवली असती, तर प्रत्येक रिपोर्टची खालची ओळ, म्हणजे डॉक्टरांची सही, कापली गेली असती. आपांनी ते वाचतानाच पकडलं. मी तेच पान शेजारी बसून वाचत होतो. मला ते दिसलं नव्हतं.

दोन वर्षांत माझी मोटरसायकल सुटली आणि आपांच्या शब्दावर मला त्या खोलीत टेबल मिळालं. नववी नापास माणसाला टेबल. आई चोपड्याहून पेढे घेऊन आली. आपांच्या पाया पडायला वाकली, तर आपांनी तिला मधेच धरलं. "आक्का, त्याला टेबल त्याच्या डोक्यानं मिळालं." आई सारखी आपांकडेच बघत राहिली. परतताना म्हणाली, "बाई सोनानी शे." माझ्याबद्दल एक शब्द नाही.

मग मी एक गोष्ट केली. रक्तात काही धोक्याचं निघालं, साखर फार वर, प्लेटलेट्स फार खाली, तर तो रिपोर्ट गठ्ठ्यात थांबू नये, सगळ्यांच्या आधी छापावा, वर मोठा काळा पट्टा यावा आणि डॉक्टरसाहेबांच्या मोबाईलवर निरोप जावा. तीन आठवडे घरी कागदावर लिहीत होतो. जमलं. आणि छान जमलं. पहिल्याच आठवड्यात एका म्हाताऱ्याला तासाभरात दवाखान्यात हलवता आलं. डॉक्टरसाहेब खोलीत आले. "कुणी केलं हे?" आपांनी माझ्याकडे बोट दाखवलं. साहेबांनी त्या दिवशी मला पहिल्यांदा "अरे" सोडून "गोकुळभाऊ" म्हटलं.

फक्त एक होतं. ते मी आपांच्या कपाटात ठेवलं नाही. सरळ कंपनीच्या छपाईच्या प्रोग्रामात घुसवलं, जिथं हात लावायचा नाही असा नियम होता. न कळून नाही केलं. कपाटात ठेवलं असतं तर ते आपाच्या कपाटातलं आणखी एक झालं असतं. उद्या मी निघून गेलो तरी लोक म्हणाले असते, आपांचं काम बघा. मला एक गोष्ट माझी हवी होती. वहीतही नोंद केली नाही. वहीचं प्रत्येक पान त्यांच्या पेन्सिलीचं.

त्यानंतर चार महिन्यांनी अख्खी सिस्टिम नवी व्हायची होती. शनिवारी आपांनी विचारलं, "तुझं ते धोक्याचं, कपाटात ठेवलंस ना?"

"हो."

रविवारी सकाळी पुन्हा. आणि दुपारी सुरू करताना, वही मांडीवर घेऊन, चष्मा वर सरकवत, अहिराणीत, "बठ्ठं वहीमा लिखेल शे ना रे?"

"शे, आपा. सगळं लिहिलंय."

त्यांनी वही उघडून माझं पान शोधलं नाही. मी खोटं बोलेन, हे त्यांच्या गणितात नव्हतंच. आता सांगून टाकावं असं मला काम सुरू होईपर्यंत वाटत होतं. पण सांगितलं असतं तर हेही सांगावं लागलं असतं, की का. आणि मी स्वतःची समजूत घातली होती, की कंपनी या एका प्रोग्रामाला हात लावणार नाही. मागच्या दोन पॅचना लावला नव्हता. सिस्टिम नवी झाली. आपांनी वही वाचली, मी एकेक तपासलं, सगळं चालू. वहीत जे होतं ते सगळं.

माझं गुपचूप तपासायचं तर आधी वैशाली आणि बाकीचे निघून जायला हवे होते. ते रेंगाळले, मग आपा म्हणाल्या, चला, आणि मी न तपासताच त्यांच्याबरोबर निघालो.

सोमवारी बोदवडच्या एका बाईंचा रिपोर्ट दहाला छापून झाला. तापाची केस, प्लेटलेट्स अगदी तळाला. काळा पट्टा नाही, निरोप नाही. चार महिन्यांत सगळ्यांना पट्ट्याची सवय झालेली. पट्टा नाही म्हणजे चिंता नाही. रिपोर्ट गठ्ठ्यात पडून राहिला. तीन वाजता त्यांचे यजमान काउंटरला आले, वैशालीनं कागद काढला आणि ती किंचाळलीच.

बाई वाचल्या. सहा दिवस दवाखान्यात होत्या, पण वाचल्या. हे आधीच सांगून टाकतो.

डॉक्टरसाहेबांनी आम्हां दोघांना बोलावलं. साहेब ओरडले नाहीत, हे वाईट. "आपा, अपग्रेड तुमच्याकडे होतं. ही एक गोष्ट गेली कशी?"

मी आपांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी नुसतं एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं, 'मी तीनदा विचारलं होतं.' पाच शब्दसुद्धा नाहीत.

त्या म्हणाल्या, "तपासायचं काम माझं होतं साहेब. मी तपासलं नाही."

"पण गोकुळनं तर..."

"यादी माझी. यादीत नव्हतं, ती चूक माझी."

मी उभा होतो. घरी मुलीची शाळा नुकती सुरू झालेली, टेबल जाईल ही भीती, सगळं खरं. पण त्याच्याही आत आणखी एक गोष्ट होती आणि ती या लिहिण्यात लपवणार नाही. त्या क्षणीही मला हेवा वाटला. एवढं मोठं ओझं इतक्या सहज उचलता येतं, आवाज न कापता, हे पाहून. मी गप्प राहिलो.

महिन्याभरात आपांना धुळ्याच्या केंद्रावर पाठवलं. पगार तोच. साहेब म्हणाले, घरही तिकडेच आहे, तुम्हाला सोयीचं. जळगावची मोठी खुर्ची मला मिळाली. आपांनी जाताना वही माझ्या टेबलावर ठेवली, वर एक नवी पेन्सिल. "जेवण वेळेवर कर," एवढं म्हणाल्या. त्या खुर्चीत मी सव्वा वर्ष बसलो. लोक मला विचारायला येत आणि मी उत्तर द्यायच्या आत म्हणत, "आपा असत्या तर..." खरंच होतं ते.

कोइमतूरची नोकरी ठरली, तेव्हा ठरवलं, जायच्या आधी धुळ्याला जाऊन सांगायचं. जळगावहून सकाळची बस धरली. पारोळ्यापर्यंत वाक्यं जुळवली, धुळं आलं तोवर सगळी विसरलो.

केंद्र छोटं, बस स्टँडमागच्या गल्लीत. आपा बाहेर आल्या. केस बरेच पांढरे झालेले. मला बाकावर बसवलं, पाणी दिलं. मुलीचं नाव घेऊन विचारलं, कितवीत आहे. आईची चौकशी केली. मग मी एकदम म्हणालो, "आपा, त्या वेळी मी तुमच्याशी खोटं बोललो."

"माले माहीत शे."

"कधीपासून?"

"त्याच संध्याकाळपासून. अपग्रेडच्या आधीची नक्कल काढून पाहिली ना मी. कंपनीच्या प्रोग्रामात तुझा हात दिसला."

"मग साहेबांना का नाही सांगितलं?"

आपांनी रिकामा पेला माझ्या हातातून घेतला. "तू सांगशील असं वाटलं. उद्या सांगशील, परवा सांगशील. महिनाभर वाट पाहिली रे. मग इथं कामाला लागले."

त्यात राग नव्हता. राग असता तर मी पाया पडून मोकळा झालो असतो. मी काही बोलणार, एवढ्यात आतून एका मुलीचा आवाज आला, "आपा, हे बघा ना, अडलं!"

"आले गं, आले." माझ्या खांद्यावर एकदा हात ठेवला, "तिकडे जपून राह्य. लांब जातोयस," म्हणाल्या, आणि आत गेल्या.

मी लगेच निघायला हवं होतं. निघालो नाही. दारातून आतलं दिसत होतं. साक्रीकडची असावी मुलगी, विशीतली, ओढणी खुर्चीला अडकवलेली. आपा तिच्या शेजारी स्टूल ओढून बसल्या. मुलगी पडद्यावर बोट ठेवून भराभर काहीतरी सांगत होती, बहुधा तिनं स्वतः केलेलं. आपांनी ते नीट वाचलं. मग टेबलावरच्या वहीकडे बोट दाखवून तिला काही विचारलं. मुलगी गोंधळली, थांबली, खाली मान घातली आणि मानेनंच 'नाही' म्हणाली. आपा खळखळून हसल्या. तिच्या पाठीवर थाप मारली, आणि दोघी मिळून ते पुन्हा पहिल्यापासून करायला लागल्या.

एवढं सोपं होतं ते. मान हलवून 'नाही' म्हणणं.

जळगावची बस लागल्याचं स्टँडवरून ओरडत होते. मी तिथंच उभा राहून त्या मुलीचा हेवा करत होतो.